उलटा मोडलेला फर्मा

मी वाढले त्या घरात छापील पानं पोत्यांनी होती, पण पूर्ण पुस्तक एकही नव्हतं. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी आमच्या दोन खोल्या. आई शनिवार पेठेतल्या एका बाइंडरकडे फर्मे मोडायला जायची. छापखान्यातून कागदाचे मोठाले ताव यायचे. एका तावावर दोन्ही बाजू मिळून आठ किंवा सोळा पानं छापलेली असायची, काही सुलटी, काही डोक्यावर उभी. बघणाऱ्याला वाटावं, छापणाऱ्याला वेड लागलंय. पण तो ताव ठरलेल्या पद्धतीनं दुमडला की सगळी पानं एकामागोमाग ओळीत लागतात. असा दुमडलेला ताव म्हणजे फर्मा, आणि दुमडण्याला आमच्याकडे मोडणं म्हणायचे. दिवसभर दहा-बारा बाया जमिनीवर मांडी घालून बसायच्या आणि मोडायच्या.

खराब छपाईचे फर्मे आई घरी आणायची. त्यामुळे इतिहासाच्या कुठल्याशा पुस्तकाची सतरा ते बत्तीस पानं मला पाठ होती, पण सोळाव्या पानावर काय होतं ते आजतागायत माहीत नाही. एकाच बाजूनं छापून वाया गेलेल्या तावांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली. त्याच गणितांच्या जोरावर इंजिनीअर झाले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या हातात आला, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. सांगायलाच पाहिजे. आपोआप झालेलं नाही ते.

पण त्याच तोंडानं मी एक खोटंही बोलले होते. इथे, रॉटरडॅमला आल्यावर, कुणी आईबद्दल विचारलं की मी सांगायचे, "शी वॉज इन पब्लिशिंग." इंग्रजीत ते खोटंही वाटत नाही.

माझी नोकरी बंदरातल्या सॉफ्टवेअरची. जहाजावर कुठला कंटेनर कुठल्यावर चढवायचा, कुठला आधी उतरवायचा, त्याचा क्रम लावून देणारी यंत्रणा आम्ही सांभाळतो. क्रम चुकला की अख्खी रास उपसावी लागते. त्यामुळे कुठेही काही क्रमानं लावायचं असलं की ते काम आपलंच, असं मला वाटायला लागलं होतं.

रॉटरडॅमहून आगगाडीनं अर्ध्या तासावर एका गावात जुनं ग्रंथालय आहे. तिथे मी शनिवारी स्वयंसेवक म्हणून जायचे. या देशात लोक सुट्टीच्या दिवशी असलं काहीतरी करतात, आणि डच सुधारायलाही बरं. त्या ग्रंथालयात अमेरिकेत छापलेल्या जुन्या पुस्तिकांची काही खोकी आहेत. अमेरिका इंग्रजांच्या ताब्यात होती तेव्हाच्या, आणि नुकती सुटली तेव्हाच्या. इथल्या कुणा व्यापाऱ्यानं तिकडून येणाऱ्या जहाजांवरून मागवलेल्या. प्रवचनं, करांविरुद्धची भांडणं, सरकारला दिलेल्या शिव्या, पंचांगं. यांना पुठ्ठा नाही. आठ-सोळा पानं, बाजूला तीन भोकं, त्यांतून ओवलेला जाड दोरा, झालं पुस्तक. कागद चिंध्यांच्या लगद्याचा, अजून कापडासारखा लागतो. एका पंचांगाच्या कोपऱ्याला भोक आहे आणि भोकाभोवतीचं पान धुरानं पिवळं पडलंय. खिळ्याला टांगलेलं असणार, चुलीजवळ. आमच्याही घरी कॅलेंडर तिथेच असायचं. पहिल्यांदा ते भोक बघितलं तेव्हा या खोक्यांशी माझं काहीतरी नातं लागलं.

तिथल्या ग्रंथपाल बाई साठीच्या, उंच, आणि डच माणसं असतात तशा सरळ बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पुस्तिका पूर्ण आहे की तुकडा आहे, एवढं ठरवून हवंय. पूर्ण असतील त्यांचे चांगले फोटो काढून सगळ्यांना वाचायला ठेवू. तुकडे लांबच्या गोदामात जातील."

"गोदामातून परत कधी येतात?"

"कुणी मागितले तर. तुकडे कुणी मागत नाही."

मी म्हटलं, हे हातानं कशाला करायचं? साध्या फोटोंवरून मजकूर वाचून पानांचा क्रम तपासणारा प्रोग्राम मी दोन आठवड्यांत लिहिला. वाचताना एक अडचण यायची. प्रत्येक पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, एकच शब्द एकटा पडलेला असायचा, आणि तोच शब्द पुढच्या पानाच्या सुरुवातीला पुन्हा. मजकूर जोडला की तो दोनदा यायचा. ऑफिसात आम्ही दुबार नोंद दिसली की उडवतो, विचारत बसत नाही. मी ते सगळे एकटे शब्द उडवले. अहवाल स्वच्छ निघायला लागला. ग्रंथपाल बाई खूश, मी त्याहून खूश.

त्या खोक्यांत एक आठ पानांची पुस्तिका होती, देवी टोचून घेण्याबद्दलची. त्या काळी तिकडे यावरून मोठं भांडण होतं. टोचणं म्हणजे देवाच्या मर्जीत ढवळाढवळ, असं म्हणणारे एका बाजूला, आणि लेकरं मरतायत तिकडे बघा, असं म्हणणारे दुसऱ्या बाजूला. लेखकाचं नाव नव्हतं, पानांना आकडे नव्हते. पुस्तिका उघडल्यावर शीर्षकाचं पान तिसरं यायचं, त्याच्याआधी एका मुलीच्या तापाबद्दल मधूनच सुरू होणारी दोन पानं. खोक्यातल्या जुन्या कार्डावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं की हे दोन तुकडे आहेत, बाहेरचा कागद दुसऱ्याच पुस्तकातला, रद्दी म्हणून गुंडाळलेला, आतल्या पुस्तिकेची मधली पानं गहाळ. माझ्या प्रोग्रामनंही तेच सांगितलं. मजकूर सलग नाही, दोन तुकडे. मी खाली माझं नाव घातलं आणि पाठवून दिलं.

त्या वसंतात आई तीन महिन्यांसाठी आली होती. इथल्या घरात तिचं मन रमेना. रस्त्यावर माणूस नाही, दारात भाजीवाला नाही. मी घरून काम करायचे त्या दिवशी ती शेजारी बसून मटार सोलायची आणि माझ्या स्क्रीनकडे बघत राहायची. तिचं शिक्षण दुसरीपर्यंत. आकडे येतात, मराठी अक्षर लावून लावून वाचते, इंग्रजी नाही.

एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्या पुस्तिकेचे आठ फोटो ओळीत लावून बसले होते. गोदामाच्या यादीत आकार लिहायचा राहिला होता.

आईचा हात मटाराच्या शेंगेवर थांबला. "हे कुणी मोडलंय?"

"काय मोडलंय?"

"फर्मा. उलटा मोडलाय."

"अगं आई, ती दोन वेगळी पुस्तकं आहेत. तपासलंय मी."

"कशानं तपासलंस?"

"प्रोग्रामनं."

"त्याला म्हणावं, एकदा शनिवार पेठेत येऊन बस." तिनं मटाराचं ताट बाजूला केलं, हात पदराला पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. "हा खाली एकटा शब्द कशाला आहे?"

"तो दुबार आहे. उगाच छापायचे तेव्हा."

"उगाच?" आई माझ्याकडे बघायला लागली. मी शाळेत नापास झाले असते तर तिनं जसं बघितलं असतं तसं. "उगाच कुणी एका अक्षराचा खिळा लावत नाही, आणि हा अख्खा शब्द लावलाय. मोडणाऱ्यासाठी आहे तो. आमच्या तावांवर आकडे असायचे, ह्यांच्यावर शब्द आहे. खाली जो शब्द, तोच पुढच्या पानाच्या डोक्यावर. इंजिनीअर बाई, हे तुला कळलं नाही?"

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. कान गरम झाले होते.

"आता हे चौथं पान बघ," ती म्हणाली. "खालच्या शब्दाला सुरुवातीला काठी, मधे शेपटी. आता असला शब्द कुठल्या पानाच्या डोक्यावर आहे ते शोध."

तो शब्द 'मुलगी' या अर्थाचा होता. चौथ्या फोटोतलं वाक्य असं तुटत होतं की, मी जेव्हा माझ्या स्वतःच्या. आणि पहिल्या फोटोच्या अगदी वर, डाव्या कोपऱ्यात, तोच शब्द. मुलगी. ज्या मुलीच्या तापाला मी दुसऱ्या पुस्तकातली रद्दी म्हणून पाठवून दिलं होतं, ती याच माणसाची मुलगी होती.

पुढचं आईनंच केलं. बोट स्क्रीनला लावून, एकही शब्द न वाचता, नुसत्या आकारांवरून. दुसऱ्याचा शब्द सातव्याच्या डोक्यावर. आठव्याचा पाचव्याच्या. मी मागोमाग वाचत गेले. एकही पान गहाळ नव्हतं. शब्द उडवले नसते तर माझ्या प्रोग्रामलाही हे सापडलं असतं. वाट दाखवणाऱ्या पाट्या मीच उपटल्या होत्या आणि वर रस्ता नाही म्हणून सही केली होती.

"पण आई, असं होतंच कसं?"

"होतं. ताव समोर घेताना वरची बाजू खाली पडली की आतली जोडी बाहेर येते. संध्याकाळी हात थकला की होतं. माझ्याकडून झालंय एकदा, भूगोलाच्या पुस्तकात. शंभरएक तसेच शिवून गेले. मालकानं सगळ्यांसमोर एक पुस्तक उघडून दाखवलं मला." ती परत मटार सोलायला लागली. "ज्यानं हे मोडलं त्याला वाचता येत नव्हतं. किंवा जिनं मोडलं तिला."

मी त्याच दुपारी ग्रंथपाल बाईंना मेल केली. उत्तर तासाभरात. कळवल्याबद्दल आभार, पण यादी बंद झाली आहे, शनिवारी दुपारी गोदामाची खोकी बांधली जातील, फोटोंवरून असे भास होतात, पुढच्या फेरीत बघू. पुढची फेरी कधी, त्यावर एक ओळ नाही.

चूक माझी होती आणि ती माझ्या सहीनं खोक्यात बंद होणार होती. गोदामातून तुकडे कुणी मागत नाही, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. आईला म्हटलं, "शनिवारी माझ्याबरोबर चल."

"मी काय बोलणार त्यांच्याशी?"

"बोलू नकोस. मोडून दाखव."

शनिवारी सकाळी आम्ही गाडीनं गेलो. आईनं ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती, वर माझं जाकीट, पायात बूट. ग्रंथालयात शिरल्या शिरल्या तिनं मला पहिली गोष्ट विचारली ती म्हणजे हात कुठे धुवायचे. तेलाचा हात तावाला लागला तर ताव वाया, हे तिच्या अंगात मुरलेलं. तिनं कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे केले, आणि ग्रंथपाल बाई ते दारातून बघत होत्या. मला वाटतं, त्यांनी आम्हांला आत घेतलं ते तेवढ्यावर. कारण बोलताना त्या नाहीच म्हणत होत्या.

"हे बघा, अशा जुन्या कार्डांवर आम्ही विश्वास ठेवतो. आणि तुमचा अहवालही तेच म्हणतो."

"माझा अहवाल चुकीचा आहे. मी ते खालचे शब्द काढून टाकले होते."

"काढून टाकले?" त्या खुर्चीत मागे टेकल्या. "ते का काढलेत?"

"मला वाटलं, कचरा आहे."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. इथली माणसं आवाज चढवत नाहीत, त्यामुळे अधिक लागतं. "हे तुम्ही मला एकदा विचारायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या.

"हवं होतं," मी म्हटलं. "म्हणूनच आज आलेय. पाच मिनिटं द्या."

मी आईला एक कोरा ताव दिला. तिनं पेन्सिलनं दोन्ही बाजूंना मिळून आठ आकडे घातले, चार सुलटे, चार डोक्यावर, कुठेही न थांबता. मग ताव दुमडला, पर्समधून घरचा स्टीलचा चमचा काढला आणि त्याच्या पाठीनं घडीवरून एक हात मारला. पुन्हा दुमडला, पुन्हा चमचा. उघडून दाखवलं. एक, दोन, तीन, चार, ओळीत आठपर्यंत. मग ताव सरळ केला, वरची बाजू खाली टाकली आणि पुन्हा तसंच मोडलं. या वेळी वर तीन आलं. मग चार, एक, दोन, सात, आठ, पाच, सहा.

ग्रंथपाल बाईंनी कपाटातून खोकं काढलं, मूळ पुस्तिका मऊ उशीवर ठेवली आणि एकेक पान उलटत गेल्या. शीर्षक तिसरं. सगळं आईच्या तावासारखं.

"जुळतंय," त्या म्हणाल्या. "पण एवढ्यानं हा ताव एकच होता असं ठरत नाही."

मी ते आईला मराठीत सांगितलं. आई उशीजवळ वाकली. हात पाठीमागे बांधलेले, स्पर्श न करता. "त्यांना म्हणावं, पानांचं डोकं बघा. वरची घडी कुणीतरी बोथट सुरीनं फाडलीय. चार कागदांतल्या पहिल्याच्या कडेचे दाते आणि दुसऱ्याच्या कडेचे दाते एकात एक बसतात का बघा. आणि भोकं मोजा. तीनच असतील तर हे पुस्तक कधी दुसऱ्या तऱ्हेनं शिवलेलंच नाही."

ग्रंथपाल बाईंनी दिवा जवळ ओढला, भिंग घेतलं. दोन्ही कागदांच्या वरच्या कडा शेजारी आणल्या. एका ठिकाणी पहिला कागद जिभेसारखा पुढे आलेला, दुसऱ्याच्या कडेला बरोबर तेवढीच खाच. तिसऱ्या आणि चौथ्या कागदाचंही तसंच. भोकं तीन. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

मग आईकडे वळून, सावकाश, सोप्या इंग्रजीत म्हणाल्या, "इतकी वर्षं हे खोकं माझ्याकडे आहे." आणि मला विचारलं, "तुम्ही म्हणाला होतात, आई पब्लिशिंगमध्ये होत्या. संपादक होत्या का?"

आईला इंग्रजी येत नाही, पण आपल्याबद्दल काय बोलतात ते तिला कळतं. ती माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "ते मी नीट सांगितलं नव्हतं. माझी आई एका बाइंडरच्या शेडमध्ये जमिनीवर बसून कागद दुमडायची. वाचता फारसं येत नाही तिला. मी शिकले ती तिच्या त्या कामावर."

"काय सांगितलंस?" आईनं विचारलं.

"तू फर्मे मोडायचीस म्हणून."

"मग आधी काय सांगितलं होतंस?"

"नंतर सांगते."

"नंतर कशाला, तोंडावरून कळतंय," आई म्हणाली आणि चमचा रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

ग्रंथपाल बाईंनी गोदामाच्या यादीतून तो क्रमांक खोडला. मग नवी नोंद उघडली आणि मला शेजारी बसवलं. पूर्ण. आठ पानं. मूळ बांधणीतच ताव उलटा दुमडलेला, वाचण्याचा क्रम पुढीलप्रमाणे. खाली एक रकाना होता, हे कुणी ठरवलं त्याचा. त्यांनी माझं नाव टाइप केलं.

"माझं नको," मी म्हटलं.

"तुमच्या आईचं नाव टाकू?"

"टाका. आणि पुढे कामही लिहा."

"त्या रकान्यात काम लिहीत नाहीत. फक्त नाव."

"तुमच्या इतर नोंदींत डॉक्टर, प्राध्यापक लिहिलेलं मी वाचलंय. ती कामंच आहेत."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आईकडे. मग त्यांनी विचारलं की या कामाला डचमध्ये काय म्हणू. आम्ही दोघींनी मिळून शब्द लावला. आईचं नाव, आणि पुढे, छापील ताव दुमडणारी कामगार, पुणे. मी ते आईला मराठीत वाचून दाखवलं.

"कामगार काय," आई म्हणाली. "कारागीर लिही म्हणावं."

ते शोधायला आणखी दहा मिनिटं गेली, पण लिहिलं. मी खुर्चीवरून उठलेच नाही तोवर.

माझा प्रोग्राम मी त्याच आठवड्यात दुरुस्त केला. ते एकटे शब्द परत आणले आणि आधी पास-नापास केलेली सगळी खोकी पुन्हा तपासायला घेतली. पुढचे कित्येक शनिवार त्यात गेले, आणि प्रत्येक वेळी शंका आली की ग्रंथपाल बाईंना विचारलं.

त्या शनिवारी परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली होती. बाहेर सपाट शेतं, कालवे, मधेच एखादी गाय. तिनं जाकिटाची बाही वर करून दंडावरचा देवीचा व्रण खाजवला. रुपयाएवढा, खोलगट. मग म्हणाली, "ते वाच आता. ओळीनं वाच."

मी फोन काढला आणि योग्य क्रमानं वाचत, वाक्यागणिक मराठी करत गेले. तो माणूस आधी घाबरला होता. शेजाऱ्यांनी खूप बोल लावले. मग, मी जेव्हा माझ्या स्वतःच्या मुलीच्या उशाशी बसलो. टोचल्यावर तिला ताप चढला, अंगावर थोडे फोड आले, आठ दिवस तो झोपला नाही.

"मग?"

मी पुढचं पान काढलं, चौथ्यानंतरचं पाचवं, जे पुस्तिकेत सातवं पडलं होतं.

"वाचली," मी म्हटलं. "उठून बसली आणि पाव मागितला तिनं."

"हे मधलं पान गेलं असतं ना," आई म्हणाली, "तर ती पोरगी तापातच राहिली असती." मग तिनं पर्समधून दोन बेसनाचे लाडू काढले, एक मला दिला, आणि आधी हात पुसायला लावले.